कोरी परत आलेली पानं

झेरॉक्सच्या दुकानात रांगेत उभी होते, तोच मागून आवाज आला, "तिसऱ्या ओळीतलं 'अतिशय' काढून टाका. वाक्य मोकळं होईल."

मी गर्रकन वळले. चुरगळलेला शर्ट, कानामागे पेन्सिल, आणि चेहऱ्यावर जराही अपराधी भाव नाही!

"दुसऱ्याची पानं वाचू नयेत, हे शिकवलं नाही का कोणी?"

"शिकवलं होतं... पण पान चांगलं होतं."

अर्ध्या तासाने मी साहित्य संस्थेच्या कार्यालयात पोचले. नव्या अनुवादकांना एकेक जाणता मार्गदर्शक द्यायची त्यांची योजना होती. "हे तुमचे मार्गदर्शक," तिथल्या बाई म्हणाल्या. समोर तोच! धरणीने पोटात घ्यावं असं झालं मला.

मग दर शनिवारी आम्ही वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर भेटू लागलो. सुरुवातीला माझ्या अनुवादावर त्याच्या पेन्सिलीच्या इतक्या खुणा असत, की माझी अक्षरं शोधावी लागत. मी भांडायचे, तो हसायचा. त्याचं बोट माझ्या एखाद्या वाक्यावर थांबलं, की माझंच काहीतरी चुकल्यासारखं धडधडायचं.

हळूहळू खुणा कमी झाल्या. आणि एका शनिवारी पानं चक्क कोरी परत आली.

खरं तर मी नाचायला हवं होतं. पण डोक्याचा पार भुगा झाला. मी सुधारले होते, की तो विरघळला होता?

ताईपुढे रडगाणं गायलं. ती भाजी चिरत होती.

"वेडाबाई, योजनेचे सहा महिने संपले की त्याच्या शिफारशीवर प्रकाशक तुला अनुवादाला पहिली कादंबरी देणार. आत्ताच हे काय नसतं खूळ?"

"पण शिफारस खरी असेल तर ना, ताई!"

"आणि तुला काय वाटतं त्याच्याबद्दल?"

"मला... मला काही म्हणजे काही कळत नाही गं."

"कळलंय की मग," ती म्हणाली आणि पुन्हा चिरायला लागली.

पुढच्या शनिवारी मी अनुवादात मुद्दाम एक परिच्छेद घुसडला. इतका भिकार, की टाइप करताना मलाच लाज वाटली. तो वाचत होता, मी त्याच्या पापण्यांकडे बघत होते. परिच्छेद आला... तो थांबला... किंचित हसला... आणि त्याने पान उलटलं.

"हा दिसला नाही तुम्हाला?" मी पान पुन्हा मागे उलटलं.

"दिसला ना. दोनदा वाचला. छान वाटला."

"भिकार आहे तो! मुद्दाम लिहिलाय मी."

त्याने पुन्हा वाचलं. कानाच्या पाळ्या लालबुंद झाल्या. "खरंच की... भयंकर आहे." मग चष्मा काढून तो बराच वेळ पुसत बसला. "काय करू? हल्ली मला तुमचं सगळंच छान वाटतं."

मला हसू आलं, रडू आलं आणि प्रचंड रागही आला, सगळं एकदमच.

"मलाही तुम्ही आवडता," मी म्हटलं. "म्हणून ती शिफारस देऊ नका. मी दुसरा मार्गदर्शक मागते."

"पुन्हा पहिल्यापासून? आणि पुस्तक दुसऱ्या कुणाला गेलं तर?"

"जाऊ दे. पण मिळालं तर ते माझं असेल."

बोलून तर बसले, पण जिना उतरताना मनात तेच घोळत राहिलं. शहाणपणा केला की मूर्खपणा, कोण जाणे!

नव्या मार्गदर्शक बाई म्हणजे आगच. पहिल्याच भेटीत त्यांनी माझी पानं लाल करून टाकली. फक्त शेवटच्या पानाला हात लावला नाही. "हे जमलंय," एवढंच म्हणाल्या, तेही त्रासिक चेहऱ्याने. पुस्तकाचं नावसुद्धा काढलं नाही.

तो खाली फाटकापाशी ताटकळत उभा होता.

"काय म्हणाल्या?"

"एक पान जमलंय म्हणे."

"मी तर केव्हापासून म्हणतोय!"

"तुझं मत आता चालत नाही," मी म्हटलं, आणि भर रस्त्यात त्याच्या हातात हात दिला.