साठवलेलं पान

कोल्हापुरातल्या एका खासगी दवाखान्याची वेबसाइट मी सांभाळायचे. त्या दुपारी औषध विभागातून फोन आला, "संघप्रिया, सर्पदंशाची लस संपली. साइटवर तसं टाक." मी 'उपलब्ध आहे' खोडून 'संपली आहे' लिहिलं. पण पान झटकन उघडावं म्हणून सर्व्हर त्याची एक प्रत साठवून ठेवतो आणि येणाऱ्याला तीच दाखवतो. ती साठवलेली प्रत, म्हणजे कॅश, आपल्याला पुसावी लागते. मला मावसबहिणीच्या साखरपुड्याला जायचं होतं. उद्या पुसू म्हटलं.

संध्याकाळी गडमुडशिंगीच्या सिकंदरला उसात घोणस चावली. त्याच्या बायकोनं, शमशादनं, मोबाईलवर आमचं पान बघितलं आणि जवळचा दवाखाना सोडून त्याला आमच्याकडं आणलं. लस नव्हती. दुसरीकडं नेताना तो वाटेतच गेला.

आठवड्यानं ती आमच्या साहेबांसमोर मोबाईल घेऊन उभी राहिली. "हितं उपलब्ध लिवलंय की."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. "भाभी, तुमच्या मोबाईलमध्ये जुनं पान साठून राहिलं असेल," मी म्हणाले.

तिनं मोबाईल पदरानं पुसला. "व्हय... जुनाच हाय मोबाईल. चुकलं माझं."

माझी माफी मागून ती गेली. त्यानंतर आरशात बघणंही मला नको वाटायचं.

दीड महिन्यानं तिच्या घरी गेले. बाहेर रणरणतं ऊन, आत मात्र काळोख, आणि दवाखान्याच्या वॉर्डात येतो तसा फिनेलचा वास. कुठूनतरी थेंब थेंब गळल्याचा आवाज येत होता.

"भाभी, चूक मोबाईलची नव्हती. माझी होती. जुनी प्रत मी पुसलीच नाही."

तिनं उशाखालचा मोबाईल काढला. मग हळूच म्हणाली, "म्हणून रोज कळवताय व्हय...?"

"काय?"

तिनं मोबाईल माझ्या हातात दिला. सिमकार्ड काढलेलं होतं. इंटरनेट नव्हतं. साठवलेलं पान आपणहून एक अक्षरही बदलत नाही, हे माझं रोजचं काम आहे, मला ठाऊक आहे. समोर आमचंच पान होतं. 'लस उपलब्ध आहे.' त्याखाली मी कधीच न लिहिलेल्या ओळी होत्या.

'सिकंदर यांना लस दिली.'

'सूज उतरली.'

'डोळे उघडले.'

"भाभी, हे... मी पाठवत नाही."

ती ऐकतच नव्हती. माझ्या खांद्यावरून ती पडद्याकडं बघत होती. माझ्या हातात असतानाच पान हललं आणि खाली नवी ओळ उमटली.

'उद्या घरी सोडत आहोत.'

"किती वाजता..." शमशाद माझ्या कानाशी पुटपुटली, "ते लिवलं न्हाय व्हय?"