मृताला तिसरी हाक

त्या दुपारी मी फक्त कायद्याची पोथी घेऊन नगरसभेच्या दालनात गेलो होतो. मी तिथला लेखनिक. वाद निघाला की कलम वाचून दाखवायचं, एवढंच माझं काम. एल्बे नदीवर धुकं इतकं दाटलं होतं की भर दिवसा मेणबत्त्या लावाव्या लागल्या. ओल्या लोकरीचा आणि वितळत्या चरबीचा वास आत कोंडला होता.

मेल्खियोर रंगारी डोकं फुटून मेला होता. त्याची बायको आपोलोनिया म्हणत होती, भागीदार योस्टनंच मारलं. साक्षीदार मात्र कुणी नव्हता.

"आणि बाईला फिर्याद करता येत नाही," योस्ट हसला. "फिर्यादी पुरुषच लागतो. आण की एखादा, वहिनी!"

"आहे ना. ज्याला मारलंस तोच." मग ती माझ्याकडे वळली. "लेखनिकबुवा, अगदी जुनी पानं काढा. माझे वडील त्यातलं एक कलम सांगायचे."

पान सापडलं. कुणा जुन्या लेखनिकाचं किरटं अक्षर: फिर्यादी नसेल तर मृताला दारातून तीनदा पुकारावं. न्यायाधीशांच्या कपाळाला आठ्या पडल्या. पण कायदा तो कायदा.

शिपाई कुन्त्सनं दार उघडलं. "मेल्खियोर रंगारी, फिर्याद मांडायला या!"

जिन्यात नुसतं धुकं. दुसरी हाक गेली. योस्ट उगाच खाकरला. तिसऱ्या हाकेला कुन्त्सचा आवाज चिरकला.

"आलो…"

जिन्यावर पावलं वाजली. जड, सावकाश. कुन्त्स भिंतीला चिकटला. उंबरठ्यावरून आत येताना कुणी दिसलं नाही. पण फळ्या एकामागून एक करकरत गेल्या, थेट योस्टपर्यंत, आणि तिथे थांबल्या. नदीच्या तळच्या गाळासारखा वास सुटला.

योस्ट गुडघ्यांवर कोसळला. "मीच मारलं… मीच! याला बाजूला घ्या हो…"

शिपायांनी त्याला नेलं. दालन रिकामं झालं, तरी आपोलोनिया जागची हलली नाही. चेहरा पांढराफटक.

"बाई, न्याय मिळाला," मी हळूच म्हणालो. "नवरा आला तुमचा."

तिनं माझी बाही घट्ट धरली.

"लेखनिकबुवा… तो आवाज त्यांचा नव्हता."

मी उघड्या दाराकडे पाहिलं. पावलं आत येताना आम्ही सगळ्यांनी ऐकली होती. बाहेर जाताना… कुणीच नाही.