देहनकाशा

सातपुड्याच्या घाटात नवा रस्ता होत होता. छोटा रोलर चालू असताना मजूर त्याच्या अगदी पुढून मुरमाच्या पाट्या घेऊन जात, आणि कुणी कुणाला ‘बाजूला हो’ म्हणून ओरडत नसे. रोलर आपसूक थबके, वाट देई, पुन्हा पुढे सरके. बाजारात माणूस समोरच्याला धक्का न लावता चालतो, तसा.

त्या रोलरवर रंजना गावित बसलेली असे. तिच्या मानेमागे बोटभर रुंदीची एक पट्टी चिकटवलेली होती. ड्रमखाली माती दबत जाई, आणि ती रंजनाला स्वतःच्या तळव्यांखाली दबल्यासारखी कळे. कुठे भराव अजून भुसभुशीत आहे, कुठे खालून एखाद्या झऱ्याचा गारवा येतोय, कुठे जुन्या सागाचं मूळ आडवं पसरलंय. पोहणाऱ्याला पाणी जाणवावं तशी तिला जमीन जाणवायची. तंद्री लागल्यासारखे दिवस सरत.

ही पट्टी डॉ. फरीदा मुजावर यांनी बनवलेली. पूर्वी रोलरचे नियम चालकांना तोंडपाठ असत. सुरू करण्याआधी यंत्राभोवती फेरी मारायची, सीटचा पट्टा बांधायचा, भरावाच्या कडेपासून लांब राहायचं, उतारावर आडवं चालवायचं नाही, मागे घेताना मागे बघायचं. तरीही कडा ढासळून रोलर उलटत, माणसं चिरडली जात. नियम आठवावा लागतो, आणि दमलेला माणूस विसरतो.

“विस्तवात हात घालू नये, हे कुणाला पाठ करावं लागतं का?” मुजावर मॅडम म्हणत. “हात आपला असतो ना!”

माणसाच्या मेंदूत स्वतःच्या शरीराचा एक नकाशा असतो. आपण कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, हे त्यावरून कळतं. त्याला मॅडम देहनकाशा म्हणत. आंधळ्याची काठी सवयीने त्या नकाशात शिरते. मग त्याला जमीन मुठीत न लागता काठीच्या टोकाला लागते. पट्टीने अख्खा रोलर त्या नकाशात नेऊन बसवला होता. थोड्याच आठवड्यांत लोखंडी ड्रम चालकाला टाचांसारखे वाटू लागत. आपल्या टाचेखाली कोण माणूस येऊ देईल?

रंजनाचा नवरा रमण त्याच कामावर मुरमावर पाणी मारायचा. एकदा तो रोलरमागे घसरून पडला. तो ओरडण्याआधीच रोलर उभा राहिला होता.

“तुझी ऊब लागली मला,” रंजना वरून हसत म्हणाली.

त्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी ती अंगणात पाय पसरून भुईमुगाच्या शेंगा सोलत बसली होती. तिच्या तळपायात बाभळीचा काटा रुतलेला रमणला दिसला. त्याने सुईने कोरून तो काढला. रक्त आलं. रंजना बहिणीच्या लग्नाबद्दल बोलतच राहिली.

“दुखलं नाही?” त्याने विचारलं.

“काय?”

रमणने तिच्या पावलावर हात फिरवला. ती शेंगा सोलत होती.

“रंजना, माझा हात कळतोय का तुला?”

तिने खाली बघितलं. “आता कळतोय.”

“बघितलंस म्हणून.”

दोघं मुजावर मॅडमकडे गेली. त्यांनी रंजनाला डोळे मिटायला लावून तिच्या पावलांवर, पोटरीवर, बोटांवर कापूस फिरवला. मग कापूस बाजूला ठेवला.

“नकाशाचा कागद तेवढाच आहे, रंजनाताई,” त्या म्हणाल्या. “मला वाटलं होतं, तो वाढेल. रोलरला जागा मिळाली, ती कुणाची तरी गेली.”

“माझी गेली.”

“पट्टी काढली तर हळूहळू परत येईल. पण मग रोलर नकाशातून जाईल.”

पट्टी काढली. पहिले काही आठवडे रंजनाला आपण कंबरेतून कापलो गेलोय असं वाटे. झोपेत ती डोंगराएवढी जड होऊन उतारावरून संथ उतरत असे, आणि जाग आल्यावर एवढ्याशा अंगात कसं मावायचं ते तिला सुचत नसे. मग एका सकाळी रमणच्या हाताचे घट्टे तिला पावलावर खरखरले. ती रडली, हसली, आणि पुन्हा ठेव म्हणाली.

ती कामावर परतली ती पट्टीविना. यंत्राभोवती फेरी मारली, पट्टा बांधला, मागे बघितलं. महिनाभर एकही नियम तिने चुकवला नाही. मग एका दुपारी रोलर मागे घेताना समोरून मुकादमाने हाक मारली आणि तिने क्षणभर मान वळवली. त्याच क्षणी रमण पाण्याचा पाईप उचलायला, सीटवरून दिसत नाही अशा जागी वाकला.

त्याची किंकाळी ऐकून तिने ब्रेक दाबला. पाईप ड्रमखाली चपटा झाला होता. रमणची बोटं त्याच्या लगत होती, शाबूत.

रंजना खाली उतरून मुरमातच बसली. “पाईप दबला,” ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, “आणि मला कळलंच नाही.”

दुसऱ्या दिवशी तिने स्वतःहून पट्टी मागितली.

“नीट विचार करा,” मुजावर मॅडम म्हणाल्या.

“केला, मॅडम. त्याचा हात मला कळला नाही तरी चालेल. हात राहायला हवा.”

“मला विचारलंस?” सोबत आलेला रमण म्हणाला.

“आता विचारते. सांग.”

रमणने आपल्या बोटांकडे बघितलं.

हिवाळा आला. रस्ता घाटमाथ्याजवळ पोचला. जेवणाच्या सुट्टीत रोलर बंद करून, ड्रमला दगड लावून रंजना पायरीवर पाय सोडून बसे. इंजिन बंद असलं तरी पट्टी जागी असे. रमण शेजारी येऊन टेकायचा. त्या दुपारी त्याने सहज ड्रमवर तळवा ठेवला आणि हळूच फिरवला.

रंजनाने डोळे मिटले. तिच्या अंगावर काटा आला.

“किती खरबरीत झालाय तुझा हात,” ती पुटपुटली. “दुसरा कुठंय? तोही ठेव की.”

दुसरा हात मघापासून तिच्या पावलावर होता.