चव्वेचाळीस मिनिटांची फेरी

उद्या तुम्ही त्याच रानातून सायकली हाणणार, म्हणून सांगतो, पोरांनो. ऐकीव नाही. शाळेची बस चालवतो ना, त्या स्पासच्या बाबतीत घडलेलं आहे.

तीन वर्षांपूर्वीचा सप्टेंबर, दुसरा शनिवार. सकाळी स्पास शाळेच्या मैदानावर गेला तो सायकलीला लावायचे नंबर आणायला. त्रेसष्ट नंबर मिळाला. चोवीस तासांची शर्यत, दोघादोघांची जोडी. एकाने डोंगराची फेरी मारून यायचं, दुसऱ्याच्या हातावर टाळी द्यायची, की दुसरा निघाला. स्पासचा जोडीदार त्याचा साडू, वल्को. दोघंही चाळिशी ओलांडलेले, हौशी. दोन वर्षं शेवटून पहिले आले होते. गावाने इतकी टर उडवली होती की आदल्या हिवाळ्यात स्पास बर्फातसुद्धा सराव करत होता.

साडूवर मात्र त्याचा भरवसा नव्हता. सोंगट्या खेळताना हवं ते दान पडावं म्हणून वल्को फासा बोटांत धरून ठेवतो, असा त्याला बारा वर्षांचा संशय. वल्को कधी कबूल करायचा नाही.

मध्यरात्रीपर्यंत सगळं झकास चाललं होतं. जोडी चौथी होती, चौथी! पावणेदोनला स्पास फेरी मारून आला, टाळी दिली, वल्को निघाला. वल्कोला एका फेरीला सव्वा तास लागायचा, म्हणून स्पास निवांत माझ्याकडे आला. घेवड्याचं सूप त्या रात्री मीच वाढत होतो. दुसरा वाडगा पुढे करतोय, तोच पुकारा झाला. त्रेसष्ट.

स्पास वाडगा टाकून धावला. दिव्याचा झोत सरळ डोळ्यांवर, त्यामुळे चेहरा दिसला नाही. नंबर दिसला. हात पुढे आला, टाळी बसली. हातमोज्यातूनही गार लागली. येणारा एक शब्द बोलला नाही. सायकल घेऊन सरळ त्यांच्या तंबूकडे गेला.

वेळ लिहिणारी त्सोन्का घड्याळाकडे बघत राहिली. “चव्वेचाळीस मिनिटं,” ती म्हणाली. “साडू उडत आला की काय तुझा?”

शर्यतीतल्या पट्टीच्या पोरांनाही तास लागत होता. स्पासचं डोकं भणाणलं. चढणीच्या मध्यावर लाकडं वाहायचा एक रस्ता फुटतो, त्याने गेलं तर अर्धी फेरी वाचते. वल्कोने तेच केलं असणार. पकडला गेला तर दोघांनाही बाहेर काढतील आणि गावाला पुढची दहा वर्षं हसायला विषय मिळेल. त्याला तंबूतून ओढून जाब विचारावा, असं वाटलं. पण वेळ चालू होती. तो निघाला.

फाट्यावर मुद्दाम थांबून त्याने त्या रस्त्यावर दिवा मारला. चिखल सपाट. एकाही चाकाची खूण नव्हती.

राग ओसरला. त्याच्या जागी काय आलं, ते त्यालाही कळेना. तो हळू निघाला, जमिनीकडे बघत. हळू होता म्हणूनच ऐकू आलं. खालून. घळीतून.

“साडू... इकडे...”

दिवा खाली फिरवला. वल्को. सायकल उलटीपालटी, एक पाय अंगाखाली.

“पाय गेला बहुतेक. तासभर ओरडतोय. वरून सगळे निघून जातात.”

“तू तर टाळी देऊन झोपायला गेलास,” स्पास म्हणाला.

“कसली टाळी? मी खाली तंबूपाशी आलोच नाही.”

वारा पडला होता. एकही पाइनचं झाड हलत नव्हतं.

एक साडू खाली तंबूत. एक इथे घळीत. यातला आपला कुठला?

“हात दे,” घळीतला म्हणाला.

स्पास हलला नाही. तळवा अजून गार होता.

“हात दे ना...”

“आधी एक सांग,” स्पास म्हणाला. “सोंगट्या खेळताना तू फासा धरून ठेवतोस ना?”



“तुला खेळता येत नाही, त्यात माझा काय दोष?”

तेव्हा स्पास घळीत उतरला. हात दिला. हात गरम होता.

साडूला सायकलवर बसवून, ढकलत, तो पहाटे पावणेपाचला खाली आला. शर्यत तिथेच संपली त्यांची. वल्कोला डॉक्टरकडे सोपवलं आणि मला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. मी हसलो. मग आम्ही दोघं तंबूकडे गेलो.

तंबूबाहेर सायकल नव्हती. दाराच्या सातही दोऱ्या बांधलेल्या. मी हाक मारली.

...

पुन्हा मारली.

गाठ सोडवायला हात लावला, तर गाठच सापडेना. शेवटी सुरी फटीत घालून दोऱ्या कापल्या. दिवा मारला. आत कुणी नव्हतं. अंथरूण घडी केलेलं, तसंच.

कापलेल्या दोऱ्या मी हातात घेतल्या.

सातही गाठी आतून मारलेल्या होत्या.