धाकट्याचं कात्रण

भरदुपारी बाइंडरच्या पोरीने एक खोका आणून त्याच्या मेजावर ठेवला. आत होतं काय, तर खरखरीत कागद लावलेला ठोकळा, कडा कुरतडायची दातेरी पट्टी, तपकिरी शाईची गादी आणि स्पंजचे तुकडे.

"ही काय भानगड?"

"आल्बमसाठी आहे, बाबा. नव्या कागदाच्या कडा झिजवायच्या, डाग पाडायचे. मग तो जुना दिसतो."

"म्हातारं व्हायला सामान लागतं होय? मला फुकटात जमलं."

पोर हसली नाही. "वापरून बघा आणि कुठलं बरं ते सांगा. मी दवाखान्यात जाऊन येते. काकांची धाप वाढलीय. आज-उद्याचं आहे म्हणतात... येता का?"

"मला भाऊ नाही."

"तुमचंच नाव घेतात हो सारखं. काहीतरी बोलायचंय त्यांना. तुमच्या दोघांच्या फोटोचा तो दुसरा तुकडा मिळाला असता तर जोडून दाखवला असता."

"जाळला तो."

खोटं बोलला. बाइंडर एक वेळ बायकोचं ऐकेल, पण कात्रण जाळणार नाही. चाळीस वर्षांपूर्वी दोघा भावांनी दुकान काढलं, त्या दिवशीचा तो फोटो. पुढे धाकटा छापखान्यात गेला. जाताना म्हणाला, "तुझी खळ आणि तुझा सुईदोरा तुलाच लखलाभ." झालं. त्याच संध्याकाळी थोरल्याने फोटोतून त्याला उभा कापून काढला. खांद्यावरचा हात तेवढा राहिला. तो कापायचा तर स्वतःचा खांदा गेला असता, आणि स्वतःचं कापायची या माणसाला सवय नव्हती.

पोर गेली. खोलीत पंख्याची घरघर आणि जुन्या पुठ्ठ्याचा वास, बाकी काही नाही. आता या धंद्याची एक रीत आहे. नवी शाई असो, नवा गोंद असो, आधी कात्रणावर बघायचा, मग कामाला हात लावायचा. त्याने खण उघडला. वर शंभर कात्रणं होती. ती बाजूला सारून त्याने तळातला धाकटा काढला. का काढला, ते त्याचं त्याला ठाऊक.

"ये," म्हणाला, "तुला जुना करतो."

ठोकळा कडेवर फिरवला. खर्र... खर्र... कोपर पांढरं पडलं. स्पंजने गालावर तपकिरी बोट ओढलं. कागदातून स्पिरिटचा वास आला. शाईचा असेल, असं म्हणत त्याने ठोकळा छातीवरून फिरवला, तोंडावरून फिरवला. ओठांवरचा कागद सोलून वर आला.

मग तो थांबला. आवाज थांबला नाही.

खर्र... खर्र...

त्याने ठोकळा मेजावर ठेवला, पंखा बंद केला. खर्र... मध्येच अडकायचं... पुन्हा खर्र. कान कात्रणाजवळ नेला आणि तो आवाज त्याने ओळखला. लहानपणी एका पांघरुणात झोपलेली माणसं. धाकट्याला सर्दी झाली की तो असाच श्वास घ्यायचा.

"अरे थांब... थांब, दुरुस्त करतो."

फाटलेलं सांधण्यात त्याचा हात धरणारा गावात कोणी नव्हता. त्याने पिठाची खळ शिजवली, पातळ झिरझिरीत कागद कापला आणि सोललेल्या तोंडावर लावला. वरून बोटाने दाबला. नीट दाबला, हवा राहू नये म्हणून. तशीच शिकवण.

आवाज बंद झाला.

बाइंडरला बरं वाटलं. आता जाऊन यावं, असंही वाटलं. चप्पल पायात घातली आणि फोन वाजला.

"बाबा... काका गेले." पोरीला बोलवत नव्हतं. "शेवटी शुद्धीवर आले होते. दाराकडे बघत होते. बोलायचं होतं हो त्यांना, पण ओठच उघडेनात... चिकटल्यासारखे. नाकाने किती ओढणार... आणि गालावर तपकिरी डाग उठलाय, तो पुसला जात नाहीये. तुम्ही ऐकताय ना?"

तो ऐकत होता.

सांजेला पोर परतली. मेजावर दोन्ही तुकडे शेजारी शेजारी पडलेले. तिने काकाच्या तुकड्याकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं. मग बापाच्या तुकड्यावर वाकली.

"यातला हात कुठे गेला?"

फोटोतला खांदा रिकामा होता. खरवडल्याची खूण नाही, शाई नाही, नुसता इस्त्रीचा सदरा. बाइंडर पाठमोरा बसला होता, डावीकडे जरा झुकून, ओझं घेतल्यासारखा. पोरीला त्याच्या सदऱ्यावर खळीची पाच बोटं उमटलेली दिसली.

तिने तो सदरा उतरवून धुतला आणि दोरीवर टाकला. बाकी सदरा तासाभरात वाळला. त्याला वर्ष होत आलं. खांदा अजून ओलाच आहे.