लाल काचेतला आकडा

वासू मास्तराने खुंटीवरचा डबा-कॅमेरा काढून उघडला आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. फिरवायच्या किल्लीखाली रिकामं रीळ. पलीकडचा खण मोकळा. फिल्म गायब!

मास्तर राहायचा गिरजाक्काच्या पडवीत. तिच्या अप्पांचे आठ फोटो त्याने काढले होते. म्हाताऱ्याने उभ्या जन्मात पहिल्यांदाच फोटोला तोंड दिलं आणि चौथ्या दिवशी तो गेला.

"पडवी कोण झाडतं? पारूच ना?" समाचाराला आलेल्या साऱ्या बाजारकुणंग गावादेखत मास्तर ओरडला. पारूचं काम त्याच दिवशी सुटलं. चोर ठरवला की डोकं चालवायचा त्रास वाचतो.

तिसऱ्या दिवशी त्याने रामनगरहून खासगी तपास करणाऱ्या यशवंतरावांना आणलं. "चोर ठाऊक आहे. फिल्म तेवढी शोधा."

"कॅमेरा?"

"उघडला तसाच ठेवलाय."

यशवंतरावांनी आधी गिरजाक्काला विचारलं, "फोटो काढताना मास्तर कुठं बघत होते?"

"अप्पाकडंच की. 'हसा, हसा' म्हणायचे, किल्ली पिळायचे, का पुन्ना खटका."

मग पारू आली, मान खाली घालून.

"चोराच्या मनात चांदणं!" मास्तर पुटपुटला.

"आमच्या पुतळीच्या लग्नात मास्तरांनी मला पाठची लाल काच दावली हुती," पारू म्हणाली. "आत आकडा हुता. अप्पाच्या बारीला काच नुसती लाल. म्या सांगाय गेले, तर 'गप उभी ऱ्हा' म्हणाले."

"हिला यातलं काय कळतंय!" मास्तर हसला.

यशवंतराव हसले नाहीत. त्यांनी कॅमेरा सगळ्यांमध्ये ठेवला. "मास्तर, नवी फिल्म कुठं घालता?"

"पलीकडच्या खणात. फोटो काढू तशी ती किल्लीखालच्या रिळावर गुंडाळत येते."

"मग आठ फोटो झाल्यावर रिकामं रीळ कुठं उरतं?"

"पलीकडे—" मास्तर थबकला.

"चोराने फिल्म नेली असती, तर ते पलीकडेच सापडलं असतं. तुम्हाला सापडलं किल्लीखाली. पुतळीच्या लग्नानंतर तुम्ही रिकामं रीळ इकडे लावलंत आणि नवी फिल्म घालायची विसरलात. आत फिल्म आहे का, हे न उघडता कळावं म्हणून तर ती काच. पारूने पाहिली. तुम्ही न बघता किल्ली पिळत राहिलात."

मास्तर शरमेने काळाठिक्कर पडला. धरणीने पोटात घ्यावं असं त्याला झालं.

"म्हंजी अप्पाचा फोटू निघालाच न्हाई?" गिरजाक्काने विचारलं. "जाताना इचारत हुते, फोटू आला काय म्हणून."

"नाही, अक्का." मास्तराने पारूपुढे हात जोडले. "चुकलो गं."

"हितं चौघंच हाव," पारू म्हणाली. "त्या दिशी गाव हुतं."

सकाळी मास्तर चूक कबूल करायला घरोघर निघाला. पहिल्याच उंबऱ्यावर त्याची जीभ टाळ्याला चिकटली.

मागून आलेली पारू म्हणाली, "बोला की मास्तर. त्या दिशी लई मोठ्यांदी बोलला हुता."