तीन राजे दाबून बसलेला घड्याळजी

ती आली होती फक्त कोट न्यायला. दादाच्या शिवणकामाच्या दुकानाला सुट्टी होती आणि कापड बेतायच्या लांब टेबलावर तो मित्रांबरोबर पोकर मांडून बसला होता. पैशांऐवजी बटणं. एक गडी आला नव्हता, म्हणून दादाने तिलाच खुर्चीत ढकललं.

समोर बसला होता घड्याळजी. लांब बोटं, आणि तिच्याकडे बघून पटकन खाली वळणारी नजर... तिला ती नजर आवडली. थोड्याच वेळात याच्या डोक्यात बटणांचा डबा घालावा, असंही वाटलं.

त्याच्या हातात दोन राजे, टेबलावर सगळ्यांसाठी उघडलेल्या पानांत तिसरा. पण पठ्ठ्याने डाव वाढवलाच नाही! गरीब चेहरा करून एकही बटण न लावता पुढचं पान येऊ दिलं. शेवटी निघाली छक्की. हातातली आणि टेबलावरची मिळून तिची सहा ते दहा सलग पाच पानं जुळली, तीन राजांना भारी पडली आणि ती जिंकली.

जिंकूनही भडकली तीच. "तीन राजे असताना गप्प बसलात? दणकून बटणं लावली असती, तर मी केव्हाच पानं टाकून डाव सोडला असता!"

"म्हणूनच नाही लावली. तुम्ही निघून गेला असता—"

"डावातून?"

"...डावातूनच."

आणि तो हसला. मेला हसायचा मात्र छान.

पुढे दर सुट्टीला ती कोटाशिवायच यायला लागली. ती फिजिओथेरपिस्ट, दिवसभर वाकून आखडलेली त्याची मान ती अंगठ्याने मोकळी करायची आणि तो श्वास रोखून बसायचा. 'तुम्ही'चं 'तू' झालं. बाकी काही नाही. तिला तोच हवा होता, पण जन्मभर वाट बघत बसायची तिची तयारी नव्हती.

एका दुपारी ती तणतणत त्याच्या दुकानात शिरली. एक बाई घड्याळ घ्यायला थांबल्या होत्या. तिने पर्वा केली नाही.

"आमच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मला लग्नाचं विचारलंय."

त्याने डोळ्यावरचं भिंग काढलं. "पण... तुझ्या मनात कोण आहे, ते मला माहितेय. म्हटलं, घाई कशाला—"

"माहितेय?" तिच्या अंगाचा तिळपापड झाला. "म्हणजे पानं जोरदार आहेत म्हणून निवांत बसलास! आणि तोवर दुसऱ्याला फुकटात पुढचं पान बघू दिलंस!"

त्याचा चेहरा उतरला. मग तो ताडकन उठला. स्टूल पडलं.

"लग्न कर माझ्याशी. या बाईंच्या देखत विचारतोय. नाही म्हणायचं तर म्हण, पण आता गप्प बसून हरणार नाही मी!"

बाईंचा पर्समधला हात पर्समध्येच राहिला.

"डॉक्टरांना मी कालच नकार दिला," ती म्हणाली.

"काल? मग आल्या आल्या बोलली का नाहीस?"

"तू काय करतोस, ते बघत होते."

"म्हणजे तूही पानं दाबूनच बसली होतीस!" आयुष्यात पहिल्यांदा तो ओरडला.

"बसले होते! मग?" तीही ओरडली. डोळे भरून आले होते तरी ओरडली. काउंटरवरून वाकून तिने त्याची कॉलर धरली. "हो म्हणतेय मी. हो! ऐकू येतंय का?"

"अहो, माझं घड्याळ—" बाई म्हणाल्या.

"थांबा हो जरा!" दोघंही एकदम खेकसली.